कंपनीचा क्लब म्हणजे नेमकं कोणाचा? लेव्हरकुझनच्या 'बायर ०४'ची घडण

बायर हे नाव कापूस-मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कॉन्फिडॉरच्या बाटलीमुळे माहीत असतं, औषध दुकानदाराला ॲस्पिरिनमुळे, आणि रात्र जागून युरोपातला फुटबॉल बघणाऱ्याला लाल-काळ्या जर्सीमुळे. कंपनी तीच. मग औषधं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्यांचा फुटबॉल संघ कसा, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : पैसेवाली कंपनी आहे, घेतला असेल संघ विकत. हे खरं नाही. हा संघ कोणी विकत घेतलेला नाही. कारखान्यातल्या कामगारांनी स्वतः मागून घेतलेल्या एका क्लबचा तो एक विभाग होता, आणि तो क्लब आजही फुटबॉलशिवाय जोरात चालू आहे. लांब उडीत ८.७२ मीटर मारणारा कृत्रिम पायाचा खेळाडू त्या क्लबचा, १९७२ पासून ऑलिंपिकमध्ये सुवर्ण आणणाऱ्या बायका त्याच क्लबच्या, आणि दुपारी चारच्या जिम्नॅस्टिक्सच्या तासाला येणारी पाच वर्षांची पोरंही त्याच क्लबची सभासद. त्याचं नाव टीएसव्ही बायर ०४ लेव्हरकुझन.

कंपनी, क्लब आणि फुटबॉल संघ ही तीन वेगवेगळी घरं आहेत. त्यांच्यातल्या भिंती कुठे आहेत हे कळलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो.

एक अर्ज आणि १७० सह्या

बायरची सुरुवात १८६३ मध्ये बार्मेन गावात कापडाचे रंग बनवण्यापासून झाली. तिथली जागा पुरेना, म्हणून १८९१ मध्ये कंपनीने ऱ्हाइन नदीकाठी वीसडोर्फजवळ कार्ल लेव्हरकुस यांच्या रंगकारखान्याची जागा घेतली. नदीमुळे माल आणायला-न्यायला सोयीचं होतं, पण आजूबाजूला शहर म्हणावं असं काही नव्हतं. माणसं लांबून कामाला यायची आणि करमत नाही म्हणून निघून जायची. कामगार टिकवायचे तर घरं, दुकान, वाचनालय, करमणुकीची जागा, सगळं कंपनीलाच उभं करावं लागलं.

अशा ठिकाणी १९०३ मध्ये विल्हेल्म हाउशिल्ड या कामगाराने कंपनीला पत्र लिहिलं : आम्हाला व्यायाम आणि खेळासाठी क्लब काढायचा आहे, मदत करावी. खाली १७० जणांच्या सह्या होत्या. कंपनीने होकार दिला आणि १ जुलै १९०४ ला क्लब सुरू झाला. नावातला '०४' तिथला. लेव्हरकुझन हे शहर म्हणून अस्तित्वात आलं ते १९३० मध्ये, म्हणजे क्लब शहरापेक्षा २६ वर्षांनी मोठा.

सुरुवातीला भर होता तो जर्मन पद्धतीच्या व्यायामावर : समांतर दांड्या, लाकडी घोडा, कसरती. फुटबॉल १९०७ मध्ये आला. व्यायामवाल्यांना चेंडूचे खेळ म्हणजे शिस्त बिघडवणारा धिंगाणा वाटायचा. हा वाद त्या काळात जर्मनीभर होता. लेव्हरकुझनमध्ये तो १९२८ मध्ये फुटीपर्यंत गेला. फुटबॉलवाले हँडबॉल, ॲथलेटिक्स, बॉक्सिंगवाल्यांना सोबत घेऊन बाहेर पडले आणि कसरतवाले वेगळे राहिले. दोन्ही घरं परत एक झाली ती थेट १९८४ मध्ये. आजचं 'टीएसव्ही', म्हणजे व्यायाम आणि क्रीडा मंडळ, हे नाव त्या एकत्रीकरणाचं.

फेराइन म्हणजे आपलं नोंदणीकृत मंडळ

जर्मनीत क्लबला 'फेराइन' म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ते आपल्या नोंदणीकृत मंडळाच्या फार जवळचं आहे. नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडच्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यातही आकडा सातच आहे. घटना असते, सर्वसाधारण सभा असते, सभासद कार्यकारिणी निवडतात. फेराइनला भागधारक नसतात. शिल्लक उरली तर ती वाटून घेता येत नाही, खेळावरच खर्च करावी लागते. त्याच्या बदल्यात सरकार करात सवलत देतं. जर्मनीत असे सुमारे ८६ हजार क्रीडा फेराइन आहेत, त्यामुळे तिथल्या मुलाच्या खेळाची सुरुवात शाळेच्या संघात न होता बहुतेक वेळा गल्लीजवळच्या फेराइनमध्ये होते.

टीएसव्ही बायर ०४ हे असंच एक फेराइन, फक्त मोठं. त्यात प्रत्येक खेळाचा एक विभाग : ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, हँडबॉल, व्हॉलिबॉल, तलवारबाजी, ज्युदो, बॉक्सिंग, जिम्नॅस्टिक्स, पॅरा-क्रीडा. फाउस्टबॉलही आहे. हा आपल्याकडे कोणी खेळत नाही, पण बघण्यासारखा खेळ आहे. ५० बाय २० मीटरचं मैदान, प्रत्येक बाजूला पाच जण, पुरुषांसाठी दोन मीटर उंचीवर बांधलेली दोरी, आणि चेंडू मुठीने किंवा बाहूने पलीकडे मारायचा. व्हॉलिबॉलपेक्षा मोठा फरक एवढाच की प्रत्येक फटक्याआधी चेंडूला एक टप्पा घ्यायची मुभा असते.

सभासद मूळ वर्गणी भरतो, वर त्याच्या विभागाची वेगळी वर्गणी. विभागाचा प्रमुख, खजिनदार, मुलांचे प्रशिक्षक, यातले बरेच लोक नोकरी सांभाळून हे करतात. प्रशिक्षकाला पायाभूत परवाना लागतो. त्यासाठी ४५ मिनिटांच्या १२० तासिकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. वर्षाला साधारण तीन हजार युरोंपर्यंतच्या मानधनावर त्याला कर भरावा लागत नाही. तेवढ्या सवलतीमुळे आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन पोरांना उड्या मारायला शिकवणारी माणसं मिळतात. मोठ्या खेळाडूंवर कितीही पैसा ओता, ही माणसं नसली तर खालून पोरं येणं बंद होतं.

आपल्याकडे कंपनीचा खेळाशी संबंध वेगळ्या वाटेने आला. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांनी खेळाडूला नोकरी दिली आणि तो त्यांच्या संघातून कबड्डी, हॉकी, क्रिकेट खेळला. कित्येक घरांचं त्यामुळे भलं झालं. पण तिथे खेळाडू कर्मचारी असतो, आणि खेळायला येतो तो आधीच तयार होऊन. लेव्हरकुझनमध्ये तो सभासद असतो आणि बहुधा लहानपणापासून तिथेच वाढलेला असतो. कर्मचारी आणि सभासद या दोन शब्दांतलं अंतर फार मोठं आहे.

फुटबॉल वेगळा का काढला

व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैशांचे आकडे इतके फुगले की मुलांची वर्गणी आणि खेळाडूंचे करार एकाच खात्यात ठेवणं धोक्याचं झालं. फुटबॉलमध्ये तोटा आला तर ज्युदोचा हॉलही जायचा. म्हणून १९९९ मध्ये फुटबॉल विभाग फेराइनमधून बाहेर काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली. तिची शंभर टक्के मालकी बायरकडे आहे, आणि तिचा नफा-तोटा करारानुसार बायरच्या खात्यात जातो. टीव्हीवर दिसतो तो बायर ०४ लेव्हरकुझन हा संघ या कंपनीचा.

इथे एक नियम आडवा येतो. जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९९८ पासून 'पन्नास अधिक एक' हे तत्त्व आहे : संघाची कंपनी केली तरी पन्नास टक्के आणि वर किमान एक मत मूळ फेराइनच्या, म्हणजे सभासदांच्या हातात राहिलं पाहिजे. कोणी धनाढ्य माणूस येऊन संघ खिशात घालू नये, यासाठी ही सोय. मग बायरकडे सगळाच्या सगळा संघ कसा? नियमातच अपवाद होता. १ जानेवारी १९९९ च्या आधी ज्याने सलग २० वर्षांहून अधिक काळ त्या फेराइनच्या फुटबॉलला भरीव मदत केली आहे, त्याला बहुमत ठेवता येईल. लेव्हरकुझनला बायर आणि वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगन या अपवादात बसले. हॉफेनहाइमच्या डीटमार हॉप यांनाही २०१५ मध्ये ही मुभा मिळाली होती, ती त्यांनी २०२३ मध्ये परत केली. नवे अपवाद आता मिळत नाहीत.

नावाचंही तसंच. क्लबच्या नावात कंपनीची जाहिरात चालत नाही. म्हणून लाइपझिगच्या संघाला 'आरबी' या दोन अक्षरांचा अर्थ कागदोपत्री 'गवतावरचा चेंडूखेळ' असा लावावा लागला. 'बायर' मात्र १९०४ पासूनच नावात आहे, ते जाहिरात म्हणून नंतर चिकटवलेलं नाही, म्हणून राहिलं. इतर संघांचे चाहते या संघाला 'कारखान्याचा संघ' म्हणून हिणवायचे. लेव्हरकुझनच्या लोकांनी तोच शब्द अभिमानाने उचलला. 'वेर्क्सएल्फ', म्हणजे कारखान्याचे अकरा, हे आता संघाचं लाडकं नाव आहे.

मैदानावरची कहाणी थोडक्यात : १९८८ चा युएफा कप, १९९३ चा जर्मन कप, आणि मग २००२ चं ते जीवघेणं वर्ष. लीगमध्ये दुसरे, जर्मन कपच्या अंतिम सामन्यात हरले, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ग्लासगोला रेआल माद्रिदकडून २-१ ने हरले. शेवटी १४ एप्रिल २०२४ ला वेर्डर ब्रेमेनला ५-० ने हरवून, शाबी अलोन्सो प्रशिक्षक असताना, पहिलं लीग विजेतेपद आलं, आणि ते त्या मोसमात लीगमधला एकही सामना न हरता. क्लबचा १२० वा वाढदिवस तोंडावर होता. सामना झाला ते मैदान म्हणजे १९५८ मध्ये उघडलेलं, बायरचे प्रमुख उल्रिख हाबरलांड यांच्या नावाचं स्टेडियम. १९९८ पासून ते 'बायअरेना' आहे आणि २००९ च्या विस्तारानंतर तिथे ३०,२१० माणसं मावतात.

हॉल, वाळू आणि चौदा मिलिमीटर

स्टेडियमपेक्षा फेराइनच्या जागा आम्हाला जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक आहे हर्बर्ट ग्रुनेवाल्ड हॉल, तोही कंपनीच्या एका माजी प्रमुखाच्या नावाचा. मानफोर्ट भागात फ्रिट्झ याकोबी क्रीडासंकुल आहे. तिथे ॲथलेटिक्सचं मैदान आणि बंदिस्त ॲथलेटिक्स हॉल एकाच आवारात आहेत. लेव्हरकुझनच्या पदकांचं मूळ शोधायचं तर या हॉलपासून सुरुवात करावी.

कारण हवामान. ऱ्हाइनकाठी नोव्हेंबर ते मार्च पाऊस, थंडी आणि चार-साडेचारला पडणारा अंधार. त्या पाच महिन्यांत उघड्यावर पळता येतं, पण उडी मारता येत नाही. थंडीत स्नायू आखडलेले असतात, ओल्या धावपट्टीवर शेवटच्या पावलाला घसरण्याची भीती असते, आणि खेळाडू नकळत वेग कमी करतो. वेग कमी झाला की पावलांचं गणित बदलतं. मार्च संपल्यावर बाहेर आलं की जुना वेग परत येतो आणि पाऊल उड्डाणाच्या फळीच्या पुढे पडायला लागतं. ज्याच्याकडे हॉल आहे त्याचे हे पाच महिने फुकट जात नाहीत.

अशा जागेत काय काय सांभाळावं लागतं ते लांब उडीच्या खड्ड्यापाशी उभं राहिलं की दिसतं. धावपट्टी १.२२ मीटर रुंद आणि किमान ४० मीटर लांब हवी. वरचा कृत्रिम थर साधारण १३-१४ मिलिमीटर जाड असतो. उंच उडीच्या उड्डाणाची जागा, भालाफेकीचा शेवटचा टप्पा, जिथे टाच जोरात आदळते, तिथे तो १८-२० मिलिमीटरपर्यंत वाढवतात, कारण स्पाइकचे खिळे नेमक्या त्याच जागी थर फाडतात. उड्डाणाची फळी २० सेंटीमीटर रुंद असते आणि तिचा माथा धावपट्टीच्या पातळीत बसवतात. ती दोन-चार मिलिमीटर वर राहिली तरी घोटा मुरगळतो. खड्डा किमान २.७५ मीटर रुंद, वाळू धुतलेली, गोलसर कणांची, माती नसलेली. सगळ्यात जास्त चुका वाळूतच होतात. कोरडी ठेवली तर टाचेची खूण ढासळते आणि मोजणाऱ्याला नेमकी कड सापडत नाही, शिवाय बंद हॉलमध्ये धूळ उडते ती वेगळीच. फार ओली केली तर ती दगडासारखी बसते आणि पाठीच्या मणक्याला हादरा बसतो. वाळूची पातळी फळीच्या बरोबरीत लागते. दिवसभराच्या सरावात ती मध्ये खचते, खेळाडू उशिरा टेकतो आणि उडी आहे त्यापेक्षा लांब मोजली जाते. सरावाच्या आकड्यांवर पुढच्या महिन्याचा बेत ठरत असेल, तर फावडं आणि दाताळं घेऊन वाळू सारखी करणारा माणूस प्रशिक्षकाइतकाच गरजेचा.

हॉलचे तास वाटणं हे त्याहून कठीण काम. सकाळी निवड झालेले मोठे खेळाडू आणि ज्येष्ठांचे व्यायामगट, दुपारी शाळा सुटल्यावर मुलं, संध्याकाळी नोकरदार प्रौढ. ज्येष्ठांच्या गटाकडे दुर्लक्ष करू नये, कारण त्यातून क्लबांना नियमित पैसा येतो. जर्मनीत डॉक्टर औषधासारखा व्यायाम लिहून देऊ शकतात, आणि त्याचा खर्च आरोग्य विमा उचलतो. साधारणपणे १८ महिन्यांत ५० सत्रं, हृदयविकाराच्या रुग्णांना २४ महिन्यांत ९०. मान्यता असलेल्या फेराइनमध्ये असे गट चालतात. एका गटात १५ पर्यंत माणसं आणि शिकवणाऱ्याकडे त्यासाठीचा वेगळा परवाना. ज्या हॉलमध्ये उद्याचा ऑलिंपिकपटू पळतो, त्याच्या दिवाबत्तीचा काही खर्च अशा आजी-आजोबांच्या कवायतीतून निघतो.

एक प्रशिक्षक, वीस वर्षं

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये लेव्हरकुझनच्या हाइडे रोझेनडालने लांब उडीत ६.७८ मीटर मारून सुवर्ण घेतलं. दुसरी आली तिची उडी ६.७७. फरक एका सेंटीमीटरचा. त्याच स्पर्धेत तिने पंचक्रीडेत रौप्य आणि चार जणींच्या ४ x १०० मीटर रिले शर्यतीत आणखी एक सुवर्ण मिळवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये उल्रिके मायफार्थने वयाच्या सोळाव्या वर्षी उंच उडी जिंकली. तेव्हा ती दुसऱ्या क्लबची होती. यशानंतरची काही वर्षं तिला फार जड गेली. मग ती लेव्हरकुझनला आली आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला २.०२ मीटर मारून पुन्हा सुवर्ण जिंकलं, पहिल्यानंतर बारा वर्षांनी. १९९२ मध्ये बार्सिलोनाला हाइके हेंकेलने हीच स्पर्धा २.०२ मीटरवरच जिंकली.

या तिघींचा प्रशिक्षक एक : गेर्ड ओझेनबेर्ग. राष्ट्रीय शिबिराला बोलावलेला प्रशिक्षक खेळाडूला महिनाभर बघतो. क्लबातला प्रशिक्षक तिला दहा वर्षं बघतो. कोणत्या वर्षी घोटा दुखत होता, परीक्षेच्या काळात झोप किती व्हायची, शेवटच्या तीन पावलांत डावा खांदा कधी पडायला लागतो, हे त्याच्या डोक्यात असतं. कंपनीच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग झाला असेल तर तो अशी माणसं दीर्घकाळ पगारावर ठेवण्यात झाला. पुढे डीटर बाउमानने १९९२ मध्ये ५००० मीटर जिंकली, तलवारबाज ब्रिटा हायडेमानने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं, आणि भालाफेकीत श्टेफी नेरिउस २००९ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली.

१९७२ चा जर्मन उन्हाळा मराठी वाचकाला आणखी एका कारणाने जवळचा आहे. म्युनिकच्या आधी काही दिवस हायडलबर्गला पॅरालिंपिक झालं, आणि तिथे सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. तेव्हा गावं वेगळी होती, स्पर्धा वेगळ्या होत्या, सरावाच्या जागाही वेगळ्या. लेव्हरकुझनने पुढे नेमकी तीच भिंत पाडली. नेरिउस स्वतः भाला फेकत असतानाच कृत्रिम पाय लावलेल्या खेळाडूंना शिकवत होती, त्याच हॉलमध्ये, त्याच धावपट्टीवर.

कार्बनचं पातं कसं चालतं

नेरिउसचा सगळ्यात गाजलेला शिष्य मार्कुस रेम. २००३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पाण्यावर वेकबोर्डिंग करताना बोटीच्या पंख्यात सापडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो शिकला ते कृत्रिम अवयव बनवण्याचं काम, म्हणजे स्वतःचा पाय कसा बांधावा हे त्याला हातांनी ठाऊक आहे. २०१२ ते २०२४ अशा सलग चार पॅरालिंपिकमध्ये त्याने लांब उडीचं सुवर्ण घेतलं. जून २०२३ मध्ये ८.७२ मीटर मारून त्याने विक्रम केला. तुलनेसाठी, टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये धडधाकट पायांनी जिंकलेल्या उड्या ८.४१ आणि ८.४८ मीटरच्या होत्या.

पायाचे भाग तसे मोजकेच. उरलेल्या पायावर आधी सिलिकॉनचा मोजा चढतो. त्यावर कार्बनचा साचा, हा प्रत्येकाच्या मापाने घडवलेला. साच्याच्या मागच्या बाजूला 'जे' किंवा 'सी' आकाराचं कार्बनचं पातं बोल्टने कसलेलं असतं, आणि पात्याच्या तळाला खिळ्यांची पट्टी. पातं एकावर एक चिकटवलेल्या कित्येक पातळ थरांचं असतं. वजन पडलं की दबतं, सुटलं की उसळतं. त्याची कडकपणाची श्रेणी खेळाडूच्या वजनानुसार निवडतात. फार कडक घेतलं तर ते दबतच नाही आणि हादरा थेट गुडघ्यात जातो. फार मऊ घेतलं तर उड्डाणाच्या क्षणी पूर्ण बसतं आणि उसळी उशिरा मिळते. पाऊल फळीवर असतं ते सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागाएवढा वेळ. उशिरा आलेल्या उसळीचा काही उपयोग नाही.

बिघाड मात्र पात्यापेक्षा साच्यात जास्त होतात. उरलेला पाय दिवसभरात थोडा आक्रसतो. सकाळी घट्ट बसलेला साचा दुपारी सैल होतो, प्रत्येक पावलाला पाय आत वर-खाली होतो आणि कातडी सोलून निघते. उपाय म्हणून वर एक पातळ कापडी मोजा वाढवतात. दुसरा शत्रू घाम. अर्ध्या तासाच्या सरावानंतर सिलिकॉनखाली घाम साठतो आणि पकड सुटते. तेव्हा थांबून, सगळं काढून, कोरडं पुसून परत चढवावं लागतं. घाईत हे टाळलं की फोड येतो, आणि फोड म्हणजे आठ-दहा दिवस सराव बंद. वाळूचे कण बोल्टच्या आट्यांत शिरतात, म्हणून सरावानंतर आटे साफ करून बोल्ट कसून बघायचे. पात्यावर बोट फिरवून थर कुठे सुटायला लागलेत का हेही बघायचं.

मग पात्याचा फायदा होतो का? रेमने २०१४ मध्ये उल्मला जर्मनीची खुली राष्ट्रीय स्पर्धा ८.२४ मीटरने, दोन पायांच्या खेळाडूंना मागे टाकून जिंकली, आणि तरीही त्याला युरोपियन स्पर्धेच्या संघात घेतलं नाही. २०१६ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी मिळून अभ्यास केला. निष्कर्ष दुधारी निघाला : पात्यामुळे धावण्याचा वेग कमी पडतो, कारण घोट्यासारखा जोर ते स्वतःहून लावू शकत नाही, पण उड्डाणाच्या क्षणी ते नैसर्गिक पायापेक्षा कमी शक्ती वाया घालवतं. तोटा आणि फायद्याची वजाबाकी करून एकच आकडा काढता आला नाही. फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करायचं असा नियम तेव्हा होता, त्यामुळे रिओ ऑलिंपिकचं दार बंद राहिलं. आमच्या मते त्याला निकालाबाहेरचा स्पर्धक म्हणून तरी उडी मारू द्यायला हवी होती.

रेम आता टी६४ गटात येतो, म्हणजे एका पायाला गुडघ्याखाली कृत्रिम अवयव. त्याच्याच क्लबचा योहान्नेस फ्लोर्स टी६२ मधला, दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला. त्याने टोकियोत ४०० मीटर जिंकली. दोन्ही पाय नसतील तर पाती लांब करून उंची, आणि पर्यायाने टांग, वाढवता येते, म्हणून किती उंचीपर्यंत जायचं हे शरीराच्या इतर मापांवरून सूत्राने ठरतं. २०१८ पासून ते सूत्र कडक झालं आणि अनेकांना पाती कापून धावणं नव्याने शिकावं लागलं.

कंपनीने हात आखडला तर

लेव्हरकुझनच्या बास्केटबॉल संघाने जर्मनीची १४ विजेतेपदं मिळवली, त्यातली १९९० ते १९९६ ही सलग सात. तरी २००७ मध्ये बायरने ठरवलं की व्यावसायिक पातळीवर पैसा फक्त फुटबॉलला, बाकी मदत मुलांचा खेळ, सर्वसामान्यांचा खेळ आणि पॅरा-क्रीडेला. वर्षभरात बास्केटबॉल संघाची वरच्या लीगमधली जागा ड्युसेलडॉर्फला गेली. लेव्हरकुझनचा विभाग मात्र संपला नाही. मुलांचे गट चालू होते, हॉल होता, त्यामुळे खालच्या लीगमधून सुरुवात करून तो पुन्हा दुसऱ्या स्तरापर्यंत आला.

जवळच्याच क्रेफेल्ड शहरात चित्र वेगळं दिसलं. बायर उर्डिंगन या संघाने १९८५ मध्ये बायर्न म्युनिकला हरवून जर्मन कप जिंकला होता. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनविरुद्ध दोन सामन्यांच्या एकूण गोलांत १-५ असे मागे असताना उत्तरार्धात सहा गोल करून त्यांनी सामना ७-३ ने फिरवला. १९९५ मध्ये बायर फुटबॉलमधून बाहेर पडली आणि संघाने नाव बदललं. १९९६ ला तो वरच्या लीगमधून खाली गेला तो परत आला नाही, पुढे दिवाळखोरीही आली. बाकीच्या खेळांचं फेराइन बायरच्या नावानिशी तिथे चालू राहिलं. मुंबईने याच जातीचं दुःख २०१० मध्ये पाहिलं. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड हा संघ कंपनीने बंद केला. मागे सभासदांचं फेराइन नव्हतं, त्यामुळे बंद म्हणजे पूर्ण बंद.

तिथे राहायला गेलेल्यांसाठी

कोलोन, ड्युसेलडॉर्फ, लेव्हरकुझन या पट्ट्यात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी घरांना मुलांच्या खेळाचा प्रश्न पहिल्या महिन्यातच पडतो. रीत अशी : आधी विभागाला लिहून 'प्रोबेट्रेनिंग' मागायचं, म्हणजे एक-दोन तास फुकट खेळून बघायचं. जमलं तर प्रवेश अर्ज भरायचा. सोबत बँक खात्यातून वर्गणी परस्पर कापायची संमती द्यावी लागते, त्यामुळे जर्मन किंवा युरोपीय खातं आधी उघडून ठेवावं. मूळ वर्गणी आणि विभागाची वर्गणी हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. फक्त पहिला ऐकून लोक हिशेब करतात आणि मग दचकतात. उत्पन्न कमी असेल तर मुलांसाठी सरकारकडून महिन्याला १५ युरो मिळू शकतात, ते नगरपालिकेच्या किंवा जॉब सेंटरच्या कचेरीत मागावे लागतात. पोहणं आणि लहान मुलांचं जिम्नॅस्टिक्स यांना हमखास रांग असते, म्हणून घर मिळाल्याबरोबर नाव घालावं. ॲथलेटिक्स, ज्युदो, हँडबॉलला जागा त्यामानाने लवकर मिळते.

बहुतेकांची चूक होते ती क्लब सोडताना. जायचं बंद केलं म्हणून सभासदत्व संपत नाही, वर्गणी कापली जातच राहते. क्लबच्या घटनेत मुदत दिलेली असते, बहुधा सहामाही किंवा वर्षअखेर, आणि त्याच्या काही आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. भारतात परतायची तारीख ठरली की विमानाच्या तिकिटासोबतच हे पत्रही पाठवून टाकावं, आणि ते मिळाल्याची क्लबची पोच जपून ठेवावी.